प्रोसेसरचं आसन

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात, आई मजुरीला जाते, आणि घरातून रोज कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे रेशन कार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत वस्तीतले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. अर्जात ‘कारण’ असा एक रकाना असतो आणि त्याच्यापुढे दोन ओळींची जागा. ही गोष्ट मी त्या दोन ओळींत बसवून पाहिली. बसली नाही. म्हणून एवढी पानं घेतो आहे. ज्यांना खरंच लिहिता येतं त्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नाचणगावच्या पुढे आहे. मी सकाळी पुलगावला येऊन गाडी पकडतो आणि वर्ध्याला कॉलेजात जातो. कम्प्युटरचा अभ्यासक्रम आहे, दुसरं वर्ष. वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे, तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. चार टेबलं, स्पर्धा परीक्षेची फाटकी पुस्तकं आणि एक कम्प्युटर. तो आमच्याच वस्तीतून शिकून नागपूरला साहेब झालेल्या एका काकांनी निवृत्तीनंतर दान दिला. विहारातल्या पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं रंगवलेली असतात, तसं या कॅबिनेटवरही काकांच्या आईवडिलांचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं. मशीन जुनं होतं. बटण दाबून पटांगण झाडून आलं तरी पडद्यावर गोल चक्कर फिरतच असायचं.

त्या कम्प्युटरवर खरं काम एकाच माणसाचं होतं. माझ्या चुलत बहिणीचं. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी आहे. शाळेत खिचडी शिजवते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं बाहेरून बी.ए. केलं, मग पुलगावला जाऊन मराठी टायपिंग शिकली आणि क्लार्कच्या भरतीची लेखी परीक्षा पास झाली. राहिली होती फक्त टायपिंगची चाचणी. ठरलेल्या वेळात ठरलेले शब्द, आणि चुका ठरलेल्या मर्यादेच्या आत. चाचणीला सहा आठवडे होते. पुढच्या भरतीत ती वयात बसणार नव्हती. तिला ही एकच संधी होती, हे वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं.

दुपारी चार ते सहा ती अभ्यासिकेत बसायची. बोटं भराभर चालायची, पण पडद्यावरची अक्षरं मागे राहायची. ती ओळ संपवून हात मांडीवर ठेवायची आणि मग अक्षरं एकेक करून यायची, शाळा सुटल्यावर रेंगाळत घरी जाणाऱ्या मुलांसारखी.

“काऊन रे इंजिनिअर,” ती मला म्हणायची, “हे अक्षर काय आर्वीच्या डेपोतून सुटून राह्यलं? इकडे ‘क’ दाबला का चहा पिऊन ये, मंग उमटते.”

मी इंजिनिअर नाही हे मी तिला अनेकदा सांगितलं होतं. पण ती तसं म्हणायची तेव्हा मला बरं वाटायचं, हेही खरं आहे.

“प्रोसेसर जुना आहे, ताई,” मी एकदा म्हणालो. “तो बदलला का उडते मशीन.”

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो? पहिल्या वर्षाच्या पेपरात एक प्रश्न असतो, दोन मार्कांचा. प्रोसेसर म्हणजे कम्प्युटरचा मेंदू, असं लिहिलं की दोन्ही मार्क मिळतात. मला मिळाले होते. मशीन हळू चालतं म्हणजे मेंदू हळू आहे, यापलीकडे मी विचार केला नाही.

बाकी मेहनत मात्र मी मनापासून केली. कॅबिनेट उघडून आतल्या मुख्य बोर्डावरचा नंबर टिपून घेतला. त्या बोर्डावर कोणकोणते प्रोसेसर चालतात ती यादी मोबाईलवर शोधली. आत ड्युअल कोर होता, म्हणजे दोन जण मिळून काम करणारे. त्याच जागी क्वाड कोर बसत होता, म्हणजे चार जण. वर्ध्याला स्टेशनकडे एका भाऊंचं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडे बंद पडलेल्या मशीनमधून काढलेला तसा एक होता. दोन रविवार त्यांच्या दुकानात बसून मी गिऱ्हाइकांच्या मशीनमधली धूळ काढून दिली. त्या बदल्यात त्यांनी तो मला दिला.

हातात घेतला तर बिस्किटाएवढा चौकोन. मागून पाहिला आणि मी घाबरलो. आमच्या कॉलेजात काचेच्या पेटीत एक प्रोसेसर ठेवला आहे, त्याला खालून सुरवंटाच्या केसांसारख्या पिना आहेत. याला एकही पीन नव्हती, नुसते सोनेरी ठिपके.

“भाऊ, याच्या पिना तुटल्या,” मी म्हणालो.

दुकानात बसलेले दोघं हसले. भाऊ हसले नाहीत. “याच्या पिना मशीनीत राह्यते,” ते म्हणाले. “बोर्डावर. सॉकेटात. बारीक स्प्रिंगा होय त्या. तिथं बोट नको लावजो. कपड्याचा धागा अडकला तरी गेलं काम. आलं ध्यानात?”

आलं होतं. म्हणूनच हे लिहिणं मला जड जातं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

शनिवारी ताईला सुट्टी घ्यायला सांगून दुपारी मी अभ्यासिकेत कॅबिनेट टेबलावर आडवं केलं. वरचा पंखा काढला. जुन्या प्रोसेसरवरची, त्याची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसली. बाजूची दांडी उचलली, लोखंडी चौकट वर केली आणि जुना प्रोसेसर अलगद बाहेर काढला. खाली सॉकेट दिसलं. शेकडो सोनेरी पिना, सगळ्या एकाच बाजूला किंचित झुकलेल्या. मी श्वास रोखून बघत होतो.

तेवढ्यात मावशी आल्या. त्या माझ्या सख्ख्या मावशी नाहीत, पण सगळी वस्तीच त्यांना मावशी म्हणते. विहार आणि अभ्यासिका झाडण्या-पुसण्याचं काम त्यांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं आहे. त्यांच्या खांद्यावर पांढऱ्या लुगड्याचं फडकं कायम असतं.

“काय करून राह्यला रे बापू? पुरा पेटाराच फाडून ठेवला.”

“ताईचं मशीन पळवतो, मावशी.”

“पळवतं? विहारातली दानाची वस्तू पळवतं? बापाले सांगू काय तुह्या?”

“तसं नाई, मावशी. जोरानं चालवतो म्हणलं.”

“मंग असं बोल ना.” त्या वाकल्या. “हे काय होय? लय बारीक चमकून राह्यलं.”

“सॉकेट.”

“कोणचं पाकीट?”

वर्गात सर इंग्रजीत सांगतात आणि आम्ही माना डोलावतो. मला वाटलं, आपल्याला तरी आपल्या माणसांना नीट सांगता आलं पाहिजे. म्हणालो, “आसन म्हणा, मावशी. प्रोसेसर मोठा साहेब होय. त्याचं हे आसन. तो इथं येऊन बसते, मंगच सारं चालते.”

“आसन,” त्या म्हणाल्या. त्यांना ते लगेच कळलं. “मंग सोच्छ पाह्यजे.”

“एकदम सोच्छ. धुळीचा कण नाई पाह्यजे.”

मला माझ्याच शब्दाचं कौतुक वाटलं. कधी शाळेत न गेलेल्या बाईला मी सॉकेट समजावून सांगितलं होतं. संध्याकाळी आईलाही हे सांगायचं असं मी मनात ठरवलं.

नवा प्रोसेसर बसवण्याआधी त्याच्या वर लावायची पेस्ट काढली, तर ती पुडीतच घट्ट झालेली. दाबून दाबून अंगठा दुखला, बाहेर काहीच आलं नाही. दुसरी पेस्ट वर्ध्यालाच मिळणार होती. मी जुना प्रोसेसर परत ठेवून चौकट लावू शकत होतो. एका मिनिटाचं काम होतं. पण उद्या पुन्हा काढायचाच आहे, असं म्हणून मी दोन्ही प्रोसेसर कागदात गुंडाळून खिशात टाकले, उघड्या सॉकेटवर वर्तमानपत्र पसरलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळच्या गाडीनं जाऊन पेस्ट घेऊन मी दुपारी परतलो, तेव्हा वंदना आटोपून माणसं पांगत होती. भंतेजी येऊन गेले होते. फरशी चमकत होती. बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या. अभ्यासिकेतली टेबलंसुद्धा पुसलेली होती आणि कॅबिनेटवरच्या वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी करून कोणी बाजूला ठेवली होती.

मावशी दारातून म्हणाल्या, “सकाळीच पुसून ठेवलं बरं तुह्या साहेबाचं आसन. भंतेजीचं पुसलं आन मंग याचं. वल्लं फडकं नाई लावलं, कोरडंच. कोपरे चांगले घासले. म्हणा त्याले, बसा आता.”

मी वाकून पाहिलं. वादळी पावसानंतर उभा गहू आडवा पडतो, तसा एक पूर्ण कोपरा झोपला होता. मधल्या काही पिना उलट्या वळल्या होत्या. आणि त्यांच्यात गुंतलेला पांढऱ्या सुताचा एक धागा वर आला होता.

“झालं का नाई सोच्छ?”

“बरं केलं, मावशी,” मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो, मला अजून सुचलेलं नाही.

त्या गेल्यावर मी आईची शिवणाची सुई आणली. मोबाईलचा टॉर्च दातांत धरला आणि एकेक पीन उभी करायला लागलो. आधी धागा काढला, तो निघाला. पहिल्या दहा-बारा पिना उभ्या राहिल्या, मला धीर आला. मग एक सुईच्या टोकाला लागली आणि तुटून आली. नंतर आणखी एक. मी थांबलो. तुटलेली पीन बोटावर घेतली तर पापणीच्या केसाएवढीही नव्हती. तरीही प्रोसेसर ठेवला, पेस्ट लावली, सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला, त्यावर फक्त सिग्नल नसल्याची इंग्रजी पाटी सरकत होती. मग जुना प्रोसेसर ठेवून पाहिला. तेच. काल हळू का होईना चालणारं मशीन आज माझ्या हातानं मेलं होतं.

चार वाजता ताई आली. वहीत आज टाइप करायचे उतारे काढून आणले होते. तिनं पडदा पाहिला, माझं तोंड पाहिलं, मग टेबलावर ठेवलेला धागा उचलला. तो धागा कोणाच्या खांद्यावरचा, हे वस्तीत कोणालाही सांगावं लागलं नसतं.

“मावशीनं पुसलं?”

मी सॉकेट, आसन, स्वच्छ, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“तिले नको सांगजो,” ती म्हणाली. “नाई तं जिवंत हाये तवर फडकं हातात नाई धरणार ते.” मग वही मिटून म्हणाली, “आता किती दिवस लागते?”

“चार दिवस. दुसरं बोर्ड आणतो, ताई.”

चार दिवसांचं आश्वासन मी कसं दिलं ते आठवलं की आताही कान गरम होतात. वर्ध्याच्या भाऊंनी बोर्ड हातात घेऊन नुसती मान हलवली. म्हणाले, हे आता कोणी ठेवत नाही, पुरं मशीनच नवीन घ्या. आर्वीला एका दुकानात असेल असं कोणी सांगितलं म्हणून कॉलेज बुडवून गेलो. तिथलं बोर्ड वेगळं निघालं. मग कळलं की सिंदी रेल्वे या गावात एक बंद पडलेलं सायबर कॅफे आहे, तिथं अशीच मशीनं होती. तिथं गेलो तर त्या जागी बियाण्यांचं दुकान. मालक तेच होते आणि भले होते. म्हणाले, मशीन मागच्या दिवाळीत भंगारात गेल्या. मग आत जाऊन एक जुना माऊस घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवला. एवढ्या दुरून आलास, रिकाम्या हाती नको जाऊ, म्हणाले. तो माऊस अजून माझ्याजवळ आहे.

कॉलेजातल्या सरांना धीर करून विचारलं. त्यांनी लक्षणं ऐकली. “अरे, हार्ड डिस्क मरायला टेकली होती ती,” ते म्हणाले. “डिस्क बदलली असती तरी झालं असतं. प्रोसेसरला कशाला हात लावला?” मी दोन मार्कांचं उत्तर आठवत उभा राहिलो.

पुलगावच्या टायपिंग क्लासमध्ये चार ते सहाची बॅच भरलेली होती. सकाळ ताईची शाळेच्या चुलीपुढे जायची. क्लासवाल्या मॅडमनी रविवारचा एक तास दिला, तोही सगळे आले नाहीत तर. ग्रामपंचायतीतला ऑपरेटर म्हणाला, सरकारी मशीनवर बाहेरच्याला बसू दिलं तर माझी नोकरी जाईल. त्याचंही बरोबर होतं.

मग ताईनं जे केलं ते मी विसरू शकत नाही. तिनं बंद मशीनपुढे की-बोर्ड ठेवला आणि त्यावरच टाइप करायला लागली. पडदा काळा, समोर उघडा उतारा, आणि बोटं चाललेली. “नाई तरी पडद्याकडे पाहाची सवय नोहतीच मले,” ती हसून म्हणाली. “अक्षर कवा येईन याचा भरोसा कुठं होता?” मग मला म्हणाली, “तू बाजूले बस. माह्या बोटाईकडे पाह्य. चुकलं का सांगजो.”

मी बसायचो. वही एका डोळ्यानं आणि बोटं दुसऱ्यानं. पण ती बोटं इतक्या वेगानं चालत की माझी नजर एका अक्षरावर पोचेपर्यंत ती तीन शब्द पुढे गेलेली असत. काना कुठं सुटला, वेलांटी कुठं उलटी पडली, मला काहीच कळत नव्हतं.

“झाली काय चूक?” ती उताऱ्याच्या शेवटी विचारायची.

“नाई, ताई.”

“एकबी नाई?”

“नाई.”

रोज चार वाजता हेच. मला दिसत नाही, एवढे तीन शब्द मी बोलू शकलो नाही. एक मशीन बिघडवलं होतं, आता निदान डोळे तरी कामाचे आहेत असं तिला वाटू द्यावं, असा काहीसा विचार असेल. किंवा विचार नसेलच, नुसती भीती असेल.

मावशी मधूनमधून डोकावायच्या. “बसला का रे तुहा साहेब आसनावर?”

“त्याची तब्येत बरी नाई, मावशी,” ताईच उत्तर द्यायची, बोटं न थांबवता. “सुट्टीवर हाये तो.”

“साहेब लोकाईचं असंच राह्यते,” मावशी म्हणायच्या आणि टेबल पुसून जायच्या. कॅबिनेटवरूनही हलकेच फडकं फिरवायच्या, रंगवलेल्या नावावरून जरा जास्त वेळ.

चाचणी नागपूरला झाली. ताई पहाटेच्या गाडीनं गेली आणि संध्याकाळी परत आली. मी पुलगाव स्टेशनवर उभा होतो.

“कसा गेला पेपर?”

“गेला,” ती म्हणाली. “मशीन चांगल्या होत्या तिथल्या. बोट लावलं का अक्षर हजर.” ऑटोत बसल्यावर हात मांडीवर ठेवून बाहेर बघत राहिली.

निकालाला वेळ लागणार होता, तोवर बोटं आखडायला नकोत म्हणून ताई चार वाजता बसतच होती. दरम्यान माझी सेमिस्टरची परीक्षा सुरू झाली आणि माझं अभ्यासिकेत जाणं थांबलं. मी ताईला दोनदा बैठक क्रमांक मागितला, म्हणालो, मी मोबाईलवर बघत जाईन. दोन्ही वेळा ती म्हणाली, “लागला का मीच सांगतो तुले. तू आपला पेपर पाह्य.” मी मानलं. खरं तर मला बरंच वाटलं, कारण रोज उघडून बघायची माझी हिंमत नव्हती.

शेवटचा पेपर देऊन परवा घरी आलो. दप्तर ठेवलं आणि विहाराकडे गेलो. चार वाजून गेले होते. अभ्यासिकेत ताई नव्हती. की-बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, कॅबिनेटवर ठेवलेला होता. मावशी टेबल पुसत होत्या.

“ताई नाई आली, मावशी?”

“आता कायले येते ते?” त्या फडकं झटकत म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं. “तुले नाई सांगितलं काय अजून?”

“काय?”

“पंधरा दिवस झाले ना रे निकाल लागून. म्हणे त्याले नको सांगजा, त्याचे पेपर होऊ द्या. आज झाले ना तुहे पेपर?”

मी हो म्हणालो.

“नाई झाली रे पास पोरगी,” मावशी म्हणाल्या. “स्पीड भरली म्हणे. चुकाच लय निघाल्या.”